तोमूचं सुतक

॥ श्री ॥
सौंदड,
१६ जानेवारी २००७

चिरंजीव खुमेंद्र यास दुर्गाप्रसाद पटले यांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या बहिणीचं, योगेश्वरीचं, फलदान ठरल्याप्रमाणे पार पडलं. नागऱ्याचे चुन्नीलालजी रहांगडाले आता आपले व्याही झाले. त्यांची धान भरडायची गिरणी आहे, मुलगा तिलक तिथलंच काम पाहतो, आणि माणसं मोकळ्या स्वभावाची वाटली. लग्न बारा मेचं. त्यानंतर अधिक महिना लागतो, म्हणजे हा मुहूर्त हुकला तर लग्न थेट धानाच्या रोवणीच्या चिखलात जाईल. परीक्षा आटोपून वेळेवर ये.

आता खरं कारण. आपला फोन मधल्या खोलीत आहे आणि तुझी तुलसाआत्याही कायम मधल्या खोलीत असते, म्हणून हे पत्रानं लिहितो. दिवाळीत तू ती जपानी चित्रकथेची पुस्तकं पिशवीत भरून माळ्यावर टाकून नागपूरला निघून गेलास. लग्नाची साफसफाई काढली तेव्हा ती तुलसाच्या हाती लागली. तिनं एक उघडलं. त्यात एक पोरगा पुलाखाली पावसात एकटाच बसलेला. तिनं योगूला विचारलं की हा पोरगा कोणाचा, आणि काऊन भिजून राहिला. योगूनं इंग्रजी वाचून आपल्या बोलीत सांगितलं की याचं नाव तोमेकिची, याला आईबाप नाहीत, हा नदीवर डोंगा चालवतो आणि नदीतल्या राक्षसांशी लढतो. झालं. त्या दिवसापासून दुपारचे पापड राहिले बाजूला, दोघी पुस्तक घेऊन बसतात. तोमेकिचीचा तोमू झाला. काल मी पाटावर बसलो, तर मला वाढायच्या आधी तिनं योगूला विचारलं की तोमू कालपासून काही जेवला की नाही. माझ्या ताटात अर्धा तास काही पडलं नाही.

तुझी आत्या नवरा गेल्यावर माहेरी आली आणि तुमची आई गेल्यावर तुमची आई झाली. तिला मी काही बोलू शकत नाही. तूच बोल, किंवा पुस्तकं घेऊन जा. अभ्यास कर. आशीर्वाद आहेतच, ते वाया घालवू नको.

दुर्गाप्रसाद

—

नागपूर,
२४ जानेवारी २००७

तीर्थरूप बाबूजींस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी इतका हसलो की खोलीतला सोबती उठून बसला. आत्या मला लहानपणी चित्रांची पुस्तकं घेऊन बसलो की कान धरून उठवायची. आता तिचा कान कोण धरणार?

बाबूजी, हीच गोष्ट टीव्हीवरही येते, रोज संध्याकाळी साडेपाचला, हिंदीत. तिथं त्याला तोमी म्हणतात. होस्टेलवर बहुतेक सगळे तीच पाहतात आणि मला विचारतात की फुकटात हलतं-बोलतं मिळत असताना हा पुस्तकं कायले विकत घेतो. त्यांना काय सांगावं? टीव्हीवर तोमी पळतो आणि आपल्यालाही फरफटत नेतो. पुस्तकात तो आपण म्हणू तितका वेळ थांबतो. त्याचा आवाजही आपणच ठरवायचा, टीव्हीवर तो दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेला असतो. शिवाय पुस्तक पुष्कळ पुढे गेलंय, टीव्हीवाले मागून येताहेत. आत्याला हे न सांगता कळलेलं दिसतं, म्हणजे ती माझ्या सोबत्यांपेक्षा हुशार आहे.

सीताबर्डीच्या फुटपाथवर पुढचे भाग मिळाले. ते रेल्वेतल्या उदारामजींच्या हाती पाठवतो. रागावू नका. तिनं आम्हाला वाढवताना स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, आता एक पोरगा मागते आहे, तोही कागदाचा. आपली माया अशीच राहू द्यावी, आणि जमल्यास थोडी वाढवून कुरोड्यांच्या डब्यातून पाठवावी.

आपला आज्ञाधारक,
खुमेंद्र

—

सौंदड,
६ मार्च २००७

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली पुस्तकं मिळाली आणि घरात राज्य तोमूचं झालं. परवा आम्ही त्या पानावर पोचलो जिथं तो लढाईनंतर डोंग्यात अंग मुडपून झोपतो. पूर्ण पानभर एकच चित्र, एक अक्षर नाही. मी पान उलटायला गेले तर आत्यानं हात धरला. म्हणाली, पोरगा आत्ताच झोपला, उठवू नोको. मला वाटलं गंमत करते. दादा, तिनं पुस्तक तसंच उघडं ठेवून वर जाळीचं झाकण ठेवलं, दुधावर ठेवतो ते. दोन दिवस आम्ही घरात हळू बोलत होतो. बाबूजी शिंकायला अंगणात गेले.

तुझे होणारे मेहुणे फोनवर सांगत होते की नागऱ्यात त्यांच्या बाबूजींनाही हाच नाद आहे, पण टीव्हीवरचा. साडेपाचला गिरणी बंद, हमालांसकट सगळे ओसरीत. मी हे कौतुकानं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, टीव्हीतल्या पोराले कोन झोपू देते?

एक गोष्ट फक्त तुला लिहिते. मी मेमध्ये गेल्यावर तिला वाचून कोण दाखवणार? परवा तिनंही हेच विचारलं, पण तोमूबद्दल विचारावं तसं. पोरगा मंग कोनाच्या तोंडून बोलंल, असं. मी पापड लाटायला बसले. तुझी माया मला पुरते, तेवढी आत्याच्या वाट्याला जास्त दे.

तुझी,
योगू

—

॥ श्री ॥
सौंदड,
२ मे २००७

चि. खुमेंद्र,

आशीर्वाद वगैरे मागून. तुझा तोमू मेला.

लग्नाच्या कामांत झोपेच्या पानावरच राहिलेलं तुझं शेवटचं पुस्तक काल दुपारी पुढे उघडलं, आणि त्यात तो गावातल्या लेकरांना वाचवताना पुरात गेला. योगूनं ते वाचलं आणि रडली, इथवर ठीक होतं. तुझी आत्या रडली नाही. ती उठली, विहिरीवर गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि ओल्या लुगड्यानं मला येऊन सांगितलं की पोराला मागंपुढं कोणी नाही, तेव्हा सुतक आपण पाळायचं, तेरवी आपण करायची.

मी म्हटलं की बाई, तो चित्रातला आहे. ती म्हणाली की चित्रातला असला म्हणून काय बेवारस जाईल?

तेव्हापासून घरात फोडणी नाही. मी उकडलेली डाळ खातो आहे. लग्नघर म्हणून पाहुणे येतात ते ओसरीत गुपचूप बसतात. शेजारची शामकला येऊन रडून गेली आणि जाताना विचारलं की वय काय होतं. आज न्हावी दारात आला, घरातला कर्ता पुरुष म्हणून केस कोण देणार विचारायला. बोलताना त्याचे डोळे माझ्या मिशीवर होते. त्याला मी काठी दाखवली, पण तो गेला नाही, म्हणतो बाईंनी बोलावलं.

हे सगळं मी मिशीसकट सोसलं असतं. पण तेरवी होईस्तोवर हळद लागत नाही आणि तेरवी पडते बारा तारखेच्या पुढे. मुहूर्त गेला की अधिक महिना, आणि मग चिखल. मी एकट्यानं हळद लावून घेऊ शकत नाही. ज्या बाईनं योगूला न्हाऊमाखू घातलं, तिच्या हाताशिवाय त्या पोरीला पहिली हळद लागणार नाही, हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. काहीतरी कर. हे लफडं तुझ्या पिशवीतून निघालं आहे. हे पत्र उदारामच्या हाती देतो.

दुर्गाप्रसाद

—

नागपूर,
४ मे २००७

ती. बाबूजींस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझा शेवटचा पेपर नऊ तारखेला आहे, नाहीतर आत्ताच निघालो असतो. पण काळजी करू नका, मी तोड काढली आहे. टीव्हीवर ही गोष्ट पुस्तकाच्या मागे आहे हे मी तुम्हाला लिहिलं होतं. म्हणजे नागऱ्याला तोमू अजून ठणठणीत आहे. मी आजच तिलकजींना फोन करून सांगितलं की तुमच्या घरच्या मंडळींनी आत्याला तशी ग्वाही द्यावी. व्याह्यांचा शब्द आत्या मोडणार नाही. दोन दिवसांत घरात फोडणीचा वास येईल.

मिशीला हात लावू देऊ नका. आपला आशीर्वाद पेपरलाही पुरावा.

आपला,
खुमेंद्र

—

॥ ॐ नमः शिवाय ॥
मु. नागरा,
५ मे २००७

श्रीमान व्याहीजी दुर्गाप्रसादजी पटले यांस चुन्नीलाल रहांगडाले यांचा स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपले चिरंजीव खुमेंद्र यांनी काल फोन करून आमच्या तिलकला विनंती केली की तोमी आमच्याकडे जिवंत आहे, तसे आत्याबाईंना कळवावे. तिलकने सरळ मनाने विचारले की, काऊन, तो मरणार आहे काय? फोन स्पीकरवर होता. मी ऐकले. आमच्या मंडळींनी ऐकले. गिरणीतील सर्वांनी ऐकले.

व्याहीजी, आमच्याकडे ती गोष्ट अजून यायची आहे. गेले वर्षभर मी एक दिवस न चुकता त्या मुलास पाहत आहे. काल सायंकाळीही मी त्यास स्वतःच्या डोळ्यांनी उड्या मारताना पाहिले, परंतु मजा गेली. त्याने उडी मारली की आमच्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी येते. रात्रीचे जेवण कोणास गेले नाही.

आपण वडीलधारे आहात, तरी स्पष्ट लिहितो. जो मुलगा आमच्या घरी धडधाकट आहे, त्याची आपल्या घरी तेरवी होणे हा मोठा अपशकुन आहे. अशा घरी वरात आणण्यास आमची मंडळी तयार नाहीत आणि खरे सांगायचे तर मीही नाही. तुलसाबाईंनी कृपा करून स्वतः यावे, साडेपाच वाजता मुलगा डोळ्यांनी पाहावा आणि सुतक मागे घ्यावे. चहापाणी होईल. आपल्या मुलीविषयी आम्हास काही तक्रार नाही, ती आमच्या मनात भरली आहे. स्नेह आहे म्हणूनच इतके लिहिले, तो तुटू देऊ नये.

आपला,
चुन्नीलाल रहांगडाले

—

॥ श्री ॥
सौंदड,
८ मे २००७

चि. खुमेंद्र यास अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या हुशारीस कोपरापासून नमस्कार.

काल आम्ही नागऱ्याला जाऊन आलो. तुलसा नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण व्याह्यांचं पत्र वाचून दाखवल्यावर ती एवढंच म्हणाली की त्यांच्याही घरचा पोरगा आहे, भेटून येऊ. मेलेल्याचं पुस्तक फडक्यात बांधून पिशवीत घेतलं. गोंदियापर्यंत गाडीनं आणि पुढे ऑटोनं गेलो. सुतक आहे म्हणून व्याह्यांच्या दारी ती ओसरीवर चढली नाही, अंगणातच बसली. तिच्यासाठी टीव्ही फिरवून अंगणाकडे तोंड करून ठेवला. गिरणी थांबली. हमाल, शेजारी, सगळे मागे दाटीनं बसले.

तोमी आला. आल्या आल्या ओरडला, एका डोंग्यावरून दुसऱ्यावर गेला, कोणाला तरी लाथ मारली. चुन्नीलालजींनी मोठ्या आशेनं तुझ्या आत्याकडे पाहिलं. तिनं विचारलं की याला घडीभर बसवता येईल काय. ते म्हणाले, तसं होत नाही. मग ती म्हणाली की आवाजही याचा नाही, हा तर गाडीत चहा विकणाऱ्यासारखा ओरडतो. आपला तोमू कसा बोलतो असं त्यांनी विचारलं. त्यावर तिनं सांगितलं की आमचा खुमेंद्र लहानपणी तापात पाणी मागायचा तसा बोलतो. हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का?

इतक्यात तोमीनं पुलावरून नदीत उडी घेतली आणि लाईन गेली. भारनियमन. अंगणात जो आकांत झाला तो मी मयतीतही ऐकला नव्हता. व्याहीणबाई म्हणाल्या की हाच तो पूर, गेला पोरगा. चुन्नीलालजी घाम पुसत होते. उद्यापर्यंत तो पोरगा पूल आणि पाण्याच्या मधेच राहणार होता.

तेव्हा तुलसानं पिशवीतून पुस्तक काढलं. चुन्नीलालजी मागे सरले, म्हणाले की ते पान मला दाखवू नका. तिनं ते पान नाही उघडलं. झोपेचं उघडलं. सगळे वाकून पाहायला लागले आणि चुन्नीलालजींचा आवाज आपोआप खाली आला. वर्षभर रोज पाहूनही त्यांनी त्याला झोपलेला पाहिला नव्हता. टीव्हीवर तो आडवा होतो न होतो तोच सकाळ होते, म्हणाले. त्यांनी विचारलं की इथपर्यंत तुमच्याकडेही जिवंत आहे काय. तुलसा म्हणाली, इथपर्यंत आहे. मग पुढे जायला सांगितलं कोणी, असं त्यांनी विचारलं.

तुझ्या आत्यानं पानाची कड अंगठ्यानं दाबून धरली. ती म्हणाली की पुढची पानं तर आहेतच ना, वाऱ्यानंही उलटतील. चुन्नीलालजींनी सुकरामला हाक मारली. सुकराम त्यांच्याकडे तांदळाची पोती शिवतो. तो दाभण आणि सुतळी घेऊन आला आणि झोपेच्या पानापुढचं सगळं पुस्तक त्यानं पोत्याच्या तोंडासारखं शिवून टाकलं, वर पक्की गाठ. तुलसानं गाठ ओढून पाहिली. मग पदर सावरला, ओसरीवर चढली आणि चहा मागितला. सुतक फिटलं. वरात बाराला ठरल्या वेळी निघणार आहे. माझी मिशी जागेवर आहे.

परतीच्या गाडीत ती म्हणाली की मी काही वेडी नाही, कागद कळतो मला. योगू जाणार हे फलदानापासून माहीत होतं, त्याच्या आधी हा गेला, म्हणून याचं करून घेत होते. पोरगी जाणार याचं मलाही फार वाईट वाटतं. हे मी कोणाला बोललो नव्हतो, तुला लिहितो. दहाला पोच. येताना पुस्तक आणलंस तर स्टेशनवरूनच परत पाठवीन. मनात राग धरू नये, मीही सोडला आहे.

दुर्गाप्रसाद

—

॥ श्री ॥
सौंदड,
११ जून २००७

चि. खुमेंद्रले तुलसाआत्याचा आशीर्वाद.

मी सांगून राहिली अन् तुझा बाप लिहून राहिला. जसं सांगते तसंच लिहजो म्हटलं त्याले, मधात आपलं डोकं घालू नोको.

योगू बरी आहे, फोन येते तिचा. चुन्नीलालजीचाबी येते. ते पहिले पोराची झोप विचारते, मंग माझी तब्येत. त्यांच्या टीव्हीवर तो पुराचा दिवस आला म्हने मागच्या हप्त्यात. त्यानं टीव्हीवर पोतं टाकलं अन् गिरणी चालू ठेवली. शहाना मानूस आहे. पोरगी चांगल्या घरी पडली.

पुस्तक मी आता एकटीच पाहते. वाचाले कोनी नाई तरी चालते. अक्षर नाई तिथंच तं तो झोपला आहे.

तू लग्नाची सीडी पाठवली ते भेटली. शामकलाच्या घरी लावून पाहिली. हळद पाहिली, जेवनं पाहिले, तू नाचून राहिला तेबी पाहिलं. मंग योगू गाडीत बसली अन् गाडी निघाली. मी म्हटलं थांबवा तिले. शामकलाच्या सुनेनं थांबवलं, तं योगू जागच्या जागी थरथर कापाले लागली, अन् तोंडावरून पांढऱ्या रेघा. मले पाहवलं नाई. म्हटलं पुन्हा मागून लावा. लावलं, तं पुन्हा गेली. पुन्हा लावलं, पुन्हा गेली. एका दुपारी तीन डाव पोरगी सासरी गेली बाप्पा, एका डावानंच जीव निघाला होता.

ते सीडी उदारामच्या हातानं वापस पाठवून राहिली. मले फोटो पाठवजो. हळदीच्या दिवशीचा, ज्याच्यात ते दारात उभी आहे, हात पिवळे, अन् खालचा ओठ चावून राहिली. तो एकच. गाडीतला पाठवू नोको. पाठवशीलच तं पाठव, सुतळी आहे घरी.

जेवत जाय. माझी माया तुले माहीत आहे, तिले कागद लागत नाई.

तुझी,
तुलसाआत्या

ता. क. — हे तिला वाचून दाखवलेलं नाही. दारातल्या फोटोच्या दोन प्रती काढ.
दुर्गाप्रसाद